रेड वाइनच्या पिंपातली बर्बन : पिंपाने नेमके काय दिले ते कसे ओळखावे?

अंबाझरी

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की. रेड वाइनच्या पिंपात काही काळ मुरवून मग बाटलीत भरलेली बर्बन आता अमेरिकेहून सुटीवर येणाऱ्या मुलाबाळांच्या सामानातून नागपुरातल्या बऱ्याच घरांत पोहोचू लागली आहे. तिच्याविषयीचे बोलणे मात्र रंग सुरेख आहे, वास गोड आहे, घशाला लागत नाही, एवढ्यावरच संपते. मला ठामपणे वाटते की वाइनच्या पिंपाची करामत रंगात आणि पहिल्या वासात फारशी कळत नाही. ती घोटाच्या मध्यावर, आणि घोट उतरल्यानंतर हिरड्यांवर व गालांच्या आतल्या बाजूला जे उरते त्यात कळते. आणि त्याच घराण्यातली, पण वाइनच्या पिंपात न गेलेली बर्बन शेजारच्या ग्लासात असेल तरच ते खात्रीने सांगता येते. हा धागा त्या तुलनेविषयी आहे.

बाटली लीजंटची. ही बर्बन २०१९ साली बाजारात आली. जिम बीमच्या घराण्यातल्या सातव्या पिढीचे मास्टर डिस्टिलर फ्रेड नो आणि जपानच्या सनटोरीचे मुख्य ब्लेंडर शिंजी फुकुयो या दोघांनी मिळून ती तयार केली. सनटोरीने २०१४ साली बीम कंपनी विकत घेतली, त्यातून हे एकत्र काम उभे राहिले. तिची घडण आधी समजून घ्यावी लागते. केंटकी स्ट्रेट बर्बनचा एक भाग कॅलिफोर्नियातल्या रेड वाइनच्या पिंपांत ठेवतात, दुसरा शेरी या स्पेनच्या कडक वाइनच्या पिंपांत, आणि हे दोन्ही भाग पुन्हा साध्या बर्बनमध्ये मिसळतात. म्हणजे बाटलीतली सगळीच बर्बन वाइनच्या पिंपातून आलेली नसते आणि शेरीचाही तिला हात लागलेला असतो. लेबलवरही ती अंशतः अशा पिंपांत मुरवल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. मद्यार्क ४७ टक्के.

तुलनेसाठी जिम बीमची पांढऱ्या लेबलची, चार वर्षे मुरलेली साधी बर्बन घेतली. ती ४० टक्क्यांची असते. सात टक्क्यांचा हा फरक तसाच ठेवला तर तुलनेला अर्थ उरत नाही, कारण वाढीव मद्यार्क आपल्याबरोबर झणका आणि भरदारपणा दोन्ही आणतो आणि त्याचे श्रेय आपण पिंपाला देऊन मोकळे होतो. हिशेब सोपा आहे. ३० मिलि लीजंटमध्ये सुमारे ५ मिलि, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी घातले की ती ४० टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे ग्लास तीन लागतात : लीजंट जशीच्या तशी, लीजंट चमचाभर पाणी घालून, आणि साधी जिम बीम. पाणी आरओचे किंवा बाटलीचे घ्यावे. बोअरवेलच्या जड पाण्याला स्वतःची चव असते आणि आपण ज्याच्या मागे आहोत तो तुरटपणा नेमका तिच्यात हरवतो.

नागपुरात हे करायचे तर खोलीचा विचार आधी करायला हवा. उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असतील तर ओल्या वाळ्याचा मातकट वास घरभर असतो. तो एरवी कितीही सुखाचा असला तरी पिंपाच्या ओक लाकडाच्या वासात असा मिसळतो की ग्लासातले काय आणि हवेतले काय हे सांगता येत नाही. शिवाय चाळिशीच्या घरातल्या तापमानात मद्यार्क भसकन नाकात चढतो. म्हणून कूलर बंद करून, एसीच्या खोलीत, बावीस ते चोवीस अंशांवर हे करावे. बर्फ घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण थंडीने गोडी दबते आणि तुरटपणा वर येतो, मग वाइनच्या पिंपाचा हात आहे त्यापेक्षा मोठा वाटू लागतो.

आता चव.

साध्या जिम बीमच्या वासात भाजलेला मका, व्हॅनिला आणि खमंग शेंगदाणा. जिभेवर कॅरमेलची गोडी लगेच येते, मध्ये थोडा मिरीचा झणका, आणि मग ती पटकन उतरून जाते. मागे किंचित लाकूड उरते आणि तेही फार वेळ टिकत नाही. लीजंटचा वास घेतला तर काळ्या मनुका आणि जायफळ आधी जाणवतात. माझ्या मते त्यातला बराचसा भाग शेरीचा आहे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते : मनुकांचा वास आला की तो रेड वाइनचा असे धरून चालतात.

घोट घेतल्यावर पहिला क्षण दोन्हींचा जवळजवळ सारखा आहे. तीच कॅरमेलची गोडी, तोच व्हॅनिला. फरक पडतो तो गोडी ओसरायला लागते तिथे. साध्या बर्बनमध्ये त्या जागी पोकळी असते. लीजंटमध्ये तिथे एक आंबूसपणा उभा राहतो, आणि घोट गेल्यावर जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळून येते तसा तुरटपणा वरच्या हिरड्यांवर रेंगाळतो. चमचाभर पाण्याच्या ग्लासात हे आणखी स्पष्ट होते. गोडी मागे सरते, तुरटपणा जागेवर राहतो. मी जीभ वरच्या दातांच्या मुळांवरून फिरवून पाहिली. साध्या बर्बननंतर तिथे गुळगुळीत लागते, लीजंटनंतर खरखरीत.

रिकामे ग्लास लगेच धुऊ नयेत असे मी सगळ्यांना सांगतो. मद्यार्क उडून गेल्यावर तळाशी जे वाळून राहते त्याचा वास फार प्रामाणिक असतो. जिम बीमच्या ग्लासात व्हॅनिला आणि कोरडे लाकूड होते. लीजंटच्या ग्लासात गोडी जवळजवळ संपलेली आणि तळाला आंबट मनुकांचा, किंचित चामड्याचा वास राहिलेला होता.

ज्यांनी जेफरसन्स रिझर्व्हची प्रिचर्ड हिल, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या, कॅबर्ने या द्राक्षाच्या रेड वाइनच्या पिंपांत मुरवलेली बर्बन चाखली असेल त्यांनी अवश्य लिहावे. तिच्यात शेरीची भेसळ नसल्यामुळे वाइनचे पिंप एकट्याने काय करते ते अधिक स्वच्छ दिसायला हवे.

बर्डीवाला

अंबाझरी, ग्लास मांडण्याची पद्धत पटली. माझी शंका मात्र मुळाशी आहे. बर्बनची सारी ओळख नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपावर उभी आहे. निदान ५१ टक्के मका, ८० टक्क्यांपेक्षा जास्त मद्यार्कापर्यंत न नेलेले ऊर्ध्वपातन, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांची कमाल मर्यादा, आणि पिंप कोरे करकरीत. एकदा बर्बन काढली की ते पिंप पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही. म्हणूनच ती पिंपे स्कॉटलंडला आणि आपल्याकडच्या सिंगल माल्टवाल्यांकडे, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या जवापासून व्हिस्की करणाऱ्यांकडे, जातात. एवढा कडक नियम असताना वापरलेल्या वाइनच्या पिंपात ठेवलेल्या पेयाला बर्बन म्हणावे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे : कोवळी, कच्ची व्हिस्की फळांच्या वासाखाली झाकायचा हा मार्ग तर नाही ना? तसे असेल तर आपण पैसे कशाचे मोजतो?

अंबाझरी

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर असे की आत जे जाते ती बर्बनच असते. नव्या पिंपातला तिचा काळ पूर्ण झालेला असतो. त्यानंतर दुसऱ्या पिंपाचा संस्कार झाला की नुसते 'स्ट्रेट बर्बन' एवढे लिहून चालत नाही, अमुक पिंपात मुरवलेली असे पूर्ण वर्णन लेबलवर द्यावे लागते. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने बर्बनला त्या देशाचे खास पेय म्हणून मान्यता दिली, आणि तेव्हापासून हे नाव सैलपणे वापरू नये यावर तिथे बारीक लक्ष असते. माझ्या दृष्टीने पूर्ण वर्णन लिहिलेले असेल तर ग्राहकाची फसवणूक होत नाही.

झाकण्याविषयी. स्ट्रेट बर्बन किमान दोन वर्षांची असावी लागते, आणि चार वर्षांपेक्षा लहान असेल तर वय लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. तेव्हा वय न लिहिलेल्या स्ट्रेट बर्बनमध्ये चार वर्षांखालचे काही नसते हे धरून चालता येते. दुसऱ्या पिंपाने कच्चेपणा झाकला जातो हेही मला अर्धेच पटते. गोड शेरी किंवा पोर्टचे पिंप काही प्रमाणात झाकू शकते. कोरड्या रेड वाइनचे पिंप मात्र उलट वागते. त्यात उरलेली साखर नगण्य असते आणि त्यातून येतो तो आंबटपणा आणि तुरटपणा. कोवळ्या, अंगाने हलक्या व्हिस्कीवर हा तुरटपणा बसवला तर ती कडू लागेल. अंगात मुळातच गोडी आणि भार असेल तरच त्याला पेलून धरता येते. त्यामुळे ज्या बर्बनमध्ये रेड वाइनचा तुरटपणा असूनही कडवटपणा नाही, तिच्या मूळ द्रवाविषयी माझे मत चांगलेच होते.

द्राक्षबाग

मी मूळचा नागपूरचा. गेली बरीच वर्षे नाशिककडे वाइनच्या धंद्यात असल्यामुळे पिंपांची बाजू थोडी सविस्तर मांडतो, कारण या चर्चेत पिंप हे एकच पात्र असल्यासारखे बोलले जात आहे.

बर्बनचे पिंप साधारण २०० लिटरचे, अमेरिकी पांढऱ्या ओकचे, आणि आतून अक्षरशः पेटवून कोळसा केलेले असते. वाइनचे बोर्दो पद्धतीचे पिंप २२५ लिटरचे. ते बहुधा फ्रेंच ओकचे असते आणि मंद आचेवर आतून भाजलेले असते, जाळलेले नसते. अमेरिकी ओक व्हॅनिला आणि खोबऱ्याकडे झुकणारी गोडी अधिक देतो, फ्रेंच ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, अधिक. म्हणजे अंबाझरी यांना हिरड्यांवर जो तुरटपणा जाणवला त्यात द्राक्षांच्या सालीचा आणि बियांचा तुरटपणा आहेच, पण लाकडाचाही आहे. हे दोन तुरटपणे वेगळे काढणे जिभेला जवळजवळ अशक्य आहे, आणि मला वाटते त्याची गरजही नाही.

दुसरी गोष्ट. वाइन साडेतेरा-चौदा टक्के मद्यार्काची असते, आणि पिंपात येणारी बर्बन पन्नास-साठ टक्क्यांची. लाकडातून जे वाइनला काढता आले नाही ते हा कडक द्रव फार लवकर काढतो. फळ्यांच्या आत काही मिलिमीटरपर्यंत वाइन मुरलेली असते, तीही बाहेर येते. पिंपाच्या आतल्या भिंतीवर टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, बारीक, चमकणारे खडे साठलेले असतात. आपल्याकडे पिंप धुताना टॉर्च लावून पाहिले तर आतली भिंत जांभळ्या साखरेने माखल्यासारखी दिसते. अंबाझरी ज्याला घोटाच्या मध्यावरचा आंबूसपणा म्हणतात त्याची मुळे मला लाकडात मुरलेल्या वाइनमध्ये आणि या खड्यांमध्ये दिसतात. म्हणूनच अशा पिंपात बर्बन किती काळ ठेवायची हे मोजूनमापून ठरवत नाहीत, चाखून ठरवतात. उशीर झाला तर लाकूड वरचढ होते आणि ते परत काढून घेता येत नाही.

तिसरी गोष्ट धोक्याची. वाइनचे पिंप रिकामे ठेवले की ते बिघडते. आत हवा गेली की व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. ते टाळण्यासाठी पिंपात गंधक जाळून ठेवतात. पिंप पुढे व्हिस्कीकडे गेले आणि ते नीट तपासले नाही, तर काडेपेटीच्या ओढलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास व्हिस्कीत उतरतो. एका परदेशी बाटलीत मला तो इतका स्पष्ट आला होता की पुढचे काहीच चाखता आले नाही. यावर एक उपाय निघाला आहे : पिंपाच्या आतला, वाइन पिऊन बसलेला लाकडाचा थर तासून काढायचा, लाकूड पुन्हा भाजायचे आणि मग पुन्हा जाळायचे. स्कॉटलंडचे डॉ. जिम स्वॉन यांनी ही पद्धत रूढ केली आणि तैवानच्या कावालानसारख्या उष्ण हवामानातल्या डिस्टिलरीने तिचा मोठा उपयोग करून घेतला. अशा पिंपात वाइनचा आंबटपणा कमी होतो आणि भाजलेल्या लाकडाची गोडी वाढते. त्यामुळे बाटलीवर 'रेड वाइन कास्क' एवढेच वाचून चवीचा अंदाज बांधू नये.

आणि आपल्या घरची गोष्टही सांगायला हवी. रामपूरची आसव ही सिंगल माल्ट आधी बर्बनच्या पिंपात आणि नंतर भारतीय कॅबर्ने सॉव्हिन्यॉनच्या पिंपात मुरवलेली आहे, ४५ टक्क्यांची. ज्या द्राक्षांच्या मागे आम्ही वर्षभर धावतो त्या जातीचे भारतीय पिंप एका भारतीय व्हिस्कीच्या कामी आले याचा मला मनापासून आनंद आहे. मका आणि जव यांच्यामुळे पाया वेगळा असला तरी लीजंटच्या शेजारी तिचा ग्लास ठेवून पाहावा.

मोहफूल

अंबाझरी यांच्या मूळ म्हणण्याला मला विरोध नोंदवायचा आहे. वासात वाइनचे पिंप कळत नाही हे मला मान्य नाही. मी गोंदियाकडची. चैत्रात अंगणात मोहफुले वाळत घातलेली असत आणि ओले फूल, अर्धवट वाळलेले आणि पूर्ण वाळलेले यांचा फरक घरातल्या बायका लांबूनच वासावरून सांगत. वाळत जाणाऱ्या गोड फळाफुलांच्या वासात पायऱ्या असतात, आणि लक्ष दिले तर त्या ओळखता येतात. शेरीच्या पिंपाचा वास पूर्ण वाळलेल्या फळाचा असतो : मनुका, खारीक, अंजीर. रेड वाइनच्या पिंपाचा वास त्याआधीच्या पायरीवरचा असतो, अजून रस असलेल्या, किंचित आंबायला लागलेल्या फळाचा. लीजंट मी चाखलेली आहे आणि हे दोन्ही वास तिच्यात वेगवेगळे आहेत. फक्त ते एकाच वेळी येत नाहीत. ग्लासवर बशी झाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवली आणि मग हुंगले की आधी मद्यार्क आणि मनुका निघून जातात, आणि त्याखाली ताज्या फळाचा आंबूस वास सापडतो.

पाण्याच्या चमच्याविषयीही सांगते. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मद्यार्क, पाणी आणि ग्वायकॉल या धुरकट वासाच्या रेणूचे प्रारूप मांडले. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली असेल तर हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी येतो, आणि त्याहून बराच कडक द्रव असेल तर आत ढकलला जातो, असे त्यांना दिसले. ४७ टक्क्यांच्या लीजंटमध्ये चमचाभर पाणी घातले की आपण नेमके त्या रेषेच्या खाली येतो. जाळलेल्या ओकमधून येणारे असे बरेच वास त्यामुळे मोकळे होत असावेत. तेव्हा वासाची परीक्षा मूळ ग्लासात घेऊन त्याला नापास करणे अन्यायाचे आहे. ती पाण्याच्या ग्लासात घ्यावी.

अंबाझरी

मोहफूलताई, बशी झाकून ठेवण्याची सूचना फार मोलाची आहे. पाण्याच्या ग्लासात वास अधिक उलगडतो हे मीही पाहिले आहे, आणि रसदार व वाळलेल्या फळाची तुम्ही सांगितलेली पायरी माझ्या टिपणात नाही, ती आता शोधीन. तरीही माझा आग्रह कायम आहे. ज्याचे नाक तुमच्याइतके तयार नाही अशा माणसाला वासाच्या वाटेने जायला सांगितले तर तो मनुकांपाशीच थांबेल. तुरटपणा ओळखायला मात्र तयारी लागत नाही. जांभूळ, आवळा, सुपारी हे सगळे खाऊनच आपण मोठे झालो आहोत. नवख्या माणसाला मी हिरड्यांकडेच लक्ष द्यायला सांगेन.

द्राक्षबाग, टार्टरेटच्या खड्यांचे वर्णन वाचून घोटाच्या मधल्या आंबूसपणाचा उलगडा झाला.

सेमिनरी_हिल्स

पोर्ट आणि रेड वाइन यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन वाक्ये. अमेरिकेत पिंप बदलून मुरवलेल्या बर्बनला मोठे नाव मिळवून दिले ते लुइव्हिलच्या एंजल्स एन्व्हीने. तिचे कर्ते लिंकन हेंडरसन यांनी त्याआधी वुडफर्ड रिझर्व्ह घडवली होती. ती ४३.३ टक्क्यांची आहे आणि पोर्टच्या पिंपात मुरवलेली आहे. पोर्ट हीही लाल द्राक्षांचीच, पण आंबण्याची क्रिया मध्येच ब्रँडी घालून थांबवल्यामुळे तिच्यात द्राक्षांची साखर शिल्लक राहते. त्यामुळे एंजल्स एन्व्हीचा शेवट गोड, गोलसर होतो आणि कोरड्या रेड वाइनच्या पिंपाचा शेवट आवळून येतो. ज्यांना 'स्मूथ' हवी असते त्यांना पहिली आवडते. मला दुसरी आवडते, कारण दुसरा घोट घ्यावासा वाटायला तोंड कोरडे पडावे लागते.

ताडोबा

सोबत चकणा काय ठेवावा? आमच्या बैठकीत सावजी मटण ठरलेले असते.

अंबाझरी

चाखण्याआधी सावजी अजिबात नको. त्या मसाल्याचा जाळ जिभेवर बराच वेळ राहतो, आणि मद्यार्काचा झणका त्यात भर घालतो. तुरटपणा तर कळतच नाही. तर्री पोह्यांचेही तेच. चाखून होईपर्यंत साधा पाव आणि पाणी पुरेसे आहे. नंतर भाजलेले काजू, सुके खोबरे, आणि ज्यांना गोड चालते त्यांनी संत्रा बर्फीचा छोटा तुकडा घ्यावा. त्यातला सालीचा कडूसर वास या बर्बनशी उत्तम जुळतो.

संत्र्यावरून आठवले. या बर्बनचे ओल्ड फॅशन्ड, म्हणजे साखर आणि संत्र्याची साल घालून केलेले कॉकटेल, करणार असाल तर पुस्तकात सांगितलेली साल आपल्या नागपुरी संत्र्याची नसते. ती जाड, गराला घट्ट चिकटलेल्या सालीच्या संत्र्याची असते. आपले संत्रे मँडरिन जातीचे, त्याची साल सैल आणि पातळ, तेल सुवासिक पण हलके. त्यामुळे मोठा तुकडा घेऊन ग्लासवर दोनदा पिळावा. साखरही पुस्तकापेक्षा कमी घालावी, नाहीतर वाइनच्या पिंपाने दिलेला आंबूसपणा साखरेखाली दबून जातो आणि मग साधी बर्बन वापरली काय अन् ही काय, फरक उरत नाही.

पवनार

वर्ध्याहून वाचतो आहे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे इथे असे काही करता येत नाही. नागपुरात कधी तुलना मांडणार असाल तर परवाना काढून येण्याची तयारी आहे.

बर्डीवाला

अंबाझरी यांची पद्धत मी मित्रांबरोबर करून पाहिली. फक्त एक बदल केला. रंग दिसला की माणूस आधीच मत बनवतो, म्हणून ग्लासांऐवजी स्टीलची फुलपात्रे घेतली. प्रत्येकापुढे तीन फुलपात्रे, दोघांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात वेगळी. कोणते वेगळे ते ओळखायचे. ओतणारा माणूस दुसऱ्या खोलीत होता आणि त्याने चाखले नाही. लीजंटमध्ये सांगितल्याप्रमाणे पाणी घालून दोन्ही सारख्या मद्यार्कावर आणल्या होत्या. नुसत्या नशिबाने तिघांत एकाला बरोबर येईलच, त्यामुळे नुसते उत्तर धरले नाही, कशावरून ओळखले हेही विचारले.

बहुतेकांनी वेगळे पात्र बरोबर दाखवले. पहिल्या घोटाच्या सुरुवातीला मात्र कोणीच ठाम नव्हते. घोट गिळून झाल्यावर, 'हे तोंडात राहते आहे' असे म्हणत त्यांनी पात्र पुढे केले. हे अंबाझरी यांच्या बाजूचे झाले. आमच्यातल्या एका वहिनींनी मात्र चाखण्याआधीच, पात्रावर तळहात धरून आणि मग तो बाजूला करून, नुसत्या वासावर ओळखले. पसरट फुलपात्रात वास धरून राहत नाही हे लक्षात घेता मोहफूल यांची बाजूही बळकट आहे.

माझे स्वतःचे मत आधीच्या शंकेनंतर बदलले का, तर किंमतीच्या बाबतीत नाही. रोजच्या बैठकीला मी साधीच बर्बन घेईन. पण दुसरे पिंप हे झाकण्याचे साधन आहे असे मी आता म्हणणार नाही. साध्या जिम बीमच्या मध्यावर जी पोकळी होती ती शेजारी ठेवल्यावरच दिसली, आणि ती भरण्यासाठी गोडी न वापरता आंबटपणा वापरला आहे ही गोष्ट मला कौतुकाची वाटते.

मोहफूल

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी फुलपात्राऐवजी निमुळत्या तोंडाचा पेला घेऊन त्याला बाहेरून कागद गुंडाळावा. रंगही झाकला जाईल आणि वासही टिकेल.

सेमिनरी_हिल्स

बाटली अर्धी राहिली आहे त्यांच्यासाठी विचारतो : आपल्या उन्हाळ्यात उघडलेली बाटली किती टिकते? साध्या बर्बनचे मला फारसे वाटत नाही, पण वाइनच्या पिंपातली लवकर उतरते असे ऐकले आहे.

द्राक्षबाग

व्हिस्की वाइनसारखी काही दिवसांत बिघडत नाही, कारण मद्यार्क जास्त असतो. पण फळाचे जे नाजूक वास वाइनच्या पिंपातून येतात ते सर्वांत आधी उडतात, आणि उष्णता व बाटलीतली मोकळी हवा दोन्ही त्यांना घाई करतात. नागपुरात मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडच्या भिंतीच्या कपाटात बाटली ठेवू नये. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, खोक्यासकट, उभी ठेवावी. आडवी ठेवली तर कडक मद्यार्क बुचाला खातो. बाटली एक तृतीयांशावर आली की उरलेली छोट्या, काठोकाठ भरेल अशा काचेच्या बाटलीत काढून ठेवावी. आणि फ्रिजमध्ये ठेवलीच, तर चाखण्याआधी तासभर बाहेर काढावी, म्हणजे अंबाझरी यांनी सांगितलेले तापमान मिळेल.

अंबाझरी

माझ्याकडची उरलेली लीजंट आजच छोट्या बाटलीत काढली. पवनार, पावसाळा सुरू होऊन कूलर निघाले की रामपूरची आसव आणि लीजंट शेजारी ठेवून पाहू. द्राक्षबाग त्या सुमारास नागपुरात येणार असतील तर तारीख त्यांच्या सोयीने धरू. मोहफूलताईंनी सांगितलेले निमुळते पेले आणि बशा मी आणतो. ओतण्याचे काम मात्र चाखणार नसलेल्या एखाद्याने अंगावर घ्यावे.